फाईल सेव्ह होईपर्यंत

गणपतीच्या आदल्या आठवड्यात नगरच्या कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात संध्याकाळी जाऊन बघा. बाकड्यावर मंडळाची पोरं बसलेली असतात. व्हॉट्सअॅपवर अध्यक्षांचा फोटो आलेला असतो, उपाध्यक्षांचा यायचा असतो, आणि कॉम्प्युटरपुढे डिझायनर दहा बाय आठचा बॅनर लावत असतो. त्यातला बाप्पा त्यानं दोन रात्री जागून पेन टॅबलेटवर स्वतः रंगवलाय. सोंडेवरचा उजेड एका लेअरवर, शेल्याची जर दुसऱ्यावर, मागचा धूर तिसऱ्यावर. "दादा, भाऊंचा फोटो जरा मोठा घ्या ना," अशी फर्माईश होते. तो फोटो ओढतो, कंट्रोल-एस दाबतो आणि पडद्यावर चक्र फिरायला लागतं. दहा सेकंद, वीस सेकंद, चाळीस. पोरं चहा सांगतात.

हाच डिझायनर दुसऱ्या दिवशी फोन करतो, "एसएसडी टाकायचीय, सगळ्यात फास्ट कुठली?" मी बरीच वर्षं कॉम्प्युटरवर चित्रं काढतो आणि ओळखीतल्यांची मशीन उघडून देतो, त्यामुळे पाथर्डी, श्रीरामपूर, संगमनेर अशा सगळीकडून हा प्रश्न येतो. मी आधी उलटा प्रश्न विचारतो. चक्र नेमकं कधी फिरतं? फाईल उघडताना, रंगवताना की सेव्ह करताना? तिन्ही वेळी काम अडवणारा वेगळा असतो, आणि ते न बघता डब्यावरचा मोठा आकडा पाहून घेतलेली एसएसडी पैसे खाते, चक्र मात्र फिरतंच राहतं.

आधी फाईलचं वजन समजून घेऊ. दहा फूट म्हणजे १२० इंच, आठ फूट म्हणजे ९६ इंच. फ्लेक्स लांबून बघायचा असतो म्हणून ७२ डीपीआय धरले, तरी ८,६४० गुणिले ६,९१२, म्हणजे जवळपास सहा कोटी पिक्सेल होतात. छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. एक पूर्ण भरलेला लेअर सुमारे २४० एमबीचा झाला. असे पंचवीस लेअर सहा जीबीला जातात, आणि त्यात अन्डूसाठी राखलेला इतिहास धरलेलाच नाही. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ रंगवणाऱ्याचं गणित जरा हलकं असतं. ए-थ्री कागद, ३०० डीपीआय, आठ बिट रंग, म्हणजे लेअरमागे ७० एमबी. चाळीस लेअर झाले की पावणेतीन जीबी. सोळा बिटात काम केलं तर दुप्पट. लेअरचा जो भाग मोकळा असतो तो फोटोशॉप बराचसा वाचवतं, तरी मोठी फाईल ती मोठीच.

हे सगळं राहतं कुठे? स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ओटा, फडताळ आणि माळा. रॅम हा ओटा, हाताशी असलेलं सगळं तिथे. एसएसडी हे फडताळ. जुनी फिरती हार्ड डिस्क म्हणजे माळा, शिडी लावून चढायचं. रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीमधून १०० मायक्रोसेकंदांच्या आत-बाहेर, आणि हार्ड डिस्कमधून सुमारे १० मिलिसेकंद. हे आकडे डोक्यात शिरत नाहीत, म्हणून असं बघा: ओट्यावरचं मीठ उचलायला एक सेकंद लागला, तर फडताळातून आणायला सतरा मिनिटं लागतील आणि माळ्यावरून आणायला एक दिवस आणि चार तास.

म्हणूनच माझं पहिलं मत एसएसडीबद्दल नाहीच. मशीनमध्ये ८ जीबी रॅम असेल तर आधी रॅम वाढवा. ओटा पुरला नाही की फोटोशॉप डिस्कवर तात्पुरती जागा घेतं, तिला स्क्रॅच डिस्क म्हणतात. आपण ब्रश फिरवतो तेव्हा मागे सगळी ने-आण तिथे चालू असते. रंगवताना ब्रश हाताच्या मागे पडत असेल, तर दोष बहुतेक वेळा रॅमचा, प्रोसेसरचा किंवा ग्राफिक कार्डाचा असतो. मोठ्या कॅनव्हासवर काम करणाऱ्यानं ३२ जीबी रॅमपर्यंत जावं. चित्रकारासाठी १६ ही आज किमान पायरी आहे.

आता एसएसडी. बाजारात मुख्य दोन जाती दिसतात. एक अडीच इंची चपटी डबी, साटाच्या वायरीवर चालणारी. तिचा वेग साटाच्या मर्यादेमुळे सेकंदाला सुमारे ५५० एमबीवर थांबतो. दुसरी एनव्हीएमई, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब, च्युइंगमच्या पट्टीएवढी, थेट मदरबोर्डच्या एम-डॉट-टू खाचेत बसणारी. तिच्यात पिढ्या आहेत: तिसऱ्या पिढीची सेकंदाला ३,५०० एमबीपर्यंत, चौथीची ७,००० च्या पुढे, पाचवीची १२,००० च्याही वर. जुनी ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क दीडशे-दोनशे एमबीवर असते. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पाचवी पिढीच घ्यावी असं कुणालाही वाटेल.

पण डब्यावर छापलेला आकडा एकाच कामाचा असतो. एकच भलीमोठी फाईल सलग वाचायची किंवा लिहायची, तेव्हाचा तो वेग. आपल्या कामात सलग वाचन कमीच असतं. विंडोज सुरू होणं, फोटोशॉप किंवा कोरल उघडणं, श्रीलिपीचे शेकडो फॉन्ट वाचणं, ब्रशचे संच चढणं, हे सगळं बारीक बारीक तुकड्यांचं काम. चार-चार केबीचे तुकडे एकामागून एक मागायचे म्हटले, की हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम एक एमबी देते, साटा एसएसडी तीस-चाळीस, आणि चांगली एनव्हीएमई साठ ते नव्वद. म्हणजे हार्ड डिस्कवरून कुठल्याही चांगल्या एसएसडीवर येणं ही मोठी झेप. तिथून पुढच्या पिढ्यांमधला फरक घड्याळ लावून बसलात तर दिसतो, हाताला जाणवत नाही. डिझायनरचं निम्मं समाधान त्या पहिल्या झेपेतच होतं.

सेव्ह करतानाचं चक्र ही आणखी वेगळी गोष्ट. फोटोशॉप पीएसडी फाईल दाबून लहान करून लिहितं, आणि ते दाबण्याचं काम मुख्यतः प्रोसेसरचा एकच गाभा करतो. एसएसडी रिकामी उभी राहून वाट बघते. अशा वेळी तिसरी पिढी काढून पाचवी बसवली तरी चाळीस सेकंदांचे पस्तीस होतील. त्यापेक्षा फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये फाईल हँडलिंगखाली पीएसडी आणि पीएसबीचं कॉम्प्रेशन बंद करायची सोय आहे, ती वापरा. फाईल फुगते, पण सेव्ह व्हायचा वेळ झपाट्यानं उतरतो. फुगलेल्या फाईलला वेगवान आणि मोठी एसएसडी मात्र लागते, आणि इथे एनव्हीएमईचे पैसे खरोखर वसूल होतात. पीएसडीची मर्यादा २ जीबी आहे, त्यापुढे पीएसबीमध्ये सेव्ह करावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

मग एनव्हीएमई कुठली? इथे पिढीपेक्षा आतल्या चिपची जात महत्त्वाची, आणि दुकानात नेमकं हेच कुणी सांगत नाही. फ्लॅश मेमरीची कल्पना जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची, १९८०च्या दशकातली. तिचं तत्त्व सोपं आहे. सिलिकॉनमध्ये अतिसूक्ष्म कप्पे करायचे, त्यात विजेचा भार कोंडायचा, आणि कप्पा किती भरलाय यावरून माहिती वाचायची. सुरुवातीला एका कप्प्यात एकच बिट असायचा. भरलेला किंवा रिकामा, बघायला सोपा. मग एका कप्प्यात तीन बिट ठेवायला लागले, त्याला टीएलसी म्हणतात. तीन बिटांसाठी भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिटांच्या क्यूएलसीत सोळा. तांब्यात पाणी अर्धं आहे की पूर्ण हे लांबूनही कळतं, सोळा खुणांपैकी कितव्या खुणेपर्यंत आहे हे बघायला वाकून बघावं लागतं. आणि त्या खुणेपर्यंत नेमकं भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. क्यूएलसी स्वस्त का आणि लिहिताना संथ का, हे एवढ्यात आलं.

ती संथ आहे हे पहिल्या दिवशी कळत नाही. रिकाम्या एसएसडीत तिचा कारभार बघणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, बऱ्याच कप्प्यांत तात्पुरता एकच बिट लिहितो, म्हणजे सुरुवातीला सगळं सुसाट चालतं. मागून सवडीनं ती माहिती चार-चार बिटांत दाबून बसवतो. पण चार बिटांच्या कप्प्यात एकच लिहायचा म्हणजे मोकळ्या जागेच्या फार तर चौथ्या हिश्श्याएवढीच ही सुसाट जागा. एक टीबीची क्यूएलसी ८० टक्के भरली, २०० जीबी उरले, की ही सुसाट जागा ५० जीबीवर येते. मी एकदा स्वस्तात मिळाली म्हणून अशी एक घेतली होती, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. जुन्या डिस्कवरची सगळी चित्रं तिच्यावर टाकायला बसलो. कॉपीचा हिरवा आलेख पहिला पाऊण तास पठारासारखा सपाट होता. मग अचानक कडा तुटावा तसा खाली पडला, सेकंदाला ऐंशी एमबीवर, आणि पुढची अर्धी रात्र तिथेच सरपटत राहिला. जुनी हार्ड डिस्क त्याहून लवकर लिहिते. ती एसएसडी मी आजही वापरतो, पण फॉन्ट, ब्रश, टेक्स्चर अशा फक्त वाचायच्या गोष्टींसाठी. तिथे ती चोख आहे.

स्क्रॅच डिस्क आणि चालू कामासाठी टीएलसीच घ्या, एवढं माझं ठाम मत. एसएसडीच्या पाटीवर चिपची जात छापलेली नसते. कंपनीच्या माहितीपत्रकात बघावी लागते, आणि तिथेही नसेल तर एक खूण आहे, टीबीडब्ल्यू. वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील त्याचा तो आकडा. एक टीबीच्या चांगल्या टीएलसीला तो सहसा ६०० असतो, बऱ्याच क्यूएलसींना २०० च्या आसपास. एसएसडी झिजते म्हणून काही चित्रकार स्क्रॅच डिस्क मुद्दाम जुन्या हार्ड डिस्कवर ठेवतात. ही भीती सोडा. रोज ५० जीबी लिहिलं तरी वर्षाचे १८ टीबी होतात, आणि ६०० संपायला जवळपास तेहतीस वर्षं लागतील. स्क्रॅच डिस्क हार्ड डिस्कवर ठेवणं म्हणजे शेगडी ओट्यावर आणि मसाल्याचा डबा माळ्यावर.

दुसरी गोष्ट डीरॅमची. काही एसएसडींवर स्वतःची छोटी मेमरी असते, कुठली माहिती कुठल्या कप्प्यात ठेवली त्याची वही ठेवायला. काहींवर नसते, त्या कॉम्प्युटरच्या रॅममधला तुकडा उसना घेतात. सॅमसंगची ९९० प्रो पहिल्या प्रकारची, डब्ल्यूडीची ब्लू एसएन५८० दुसऱ्या. दोन्ही टीएलसी, दोन्हींच्या एक टीबीचा टीबीडब्ल्यू ६००. डब्यावर एकीचा वाचनवेग ७,४५० आणि दुसरीचा ४,१५०. रोज ए-थ्रीची मुखपृष्ठं करणाऱ्याला मी दुसऱ्या प्रकारची सुचवीन आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घालायला सांगीन. वीस फुटी बॅनर दिवसाला पंधरा काढणाऱ्याला किंवा ब्लेंडरमध्ये थ्रीडी आणि व्हिडिओचं काम करणाऱ्याला पहिल्या प्रकारची. पाचव्या पिढीची गरज असलेला चित्रकार मला नगर जिल्ह्यात अजून भेटलेला नाही.

आकारमानात काटकसर करू नका. २५६ जीबी आज चित्रकाराला पुरत नाही. एसएसडी कधीच काठोकाठ भरायची नसते, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवावी लागते. शिवाय डब्यावरचा एक टीबी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो. ती फसवणूक नाही, मोजायच्या पद्धतीतला फरक आहे. फसवणूक वेगळी असते. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅम आणि फ्लॅश चिप दोन्ही महागल्या, आणि महागाई आली की भलत्याच स्वस्त सोळा टीबीच्या पोर्टेबल डिस्कच्या जाहिराती मोबाईलवर फिरायला लागतात. आत जेमतेम चौसष्ट जीबीची चिप असते आणि विंडोजला खोटा आकडा दाखवायला शिकवलेलं असतं. जागा संपली की नवी फाईल जुनीच्या उरावर लिहिली जाते. चित्राचं नाव दिसतं, चित्र उघडत नाही. कुठलीही नवी डिस्क आली की एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर रात्रभर लावून ती काठोकाठ लिहून-वाचून बघा, मगच तिच्यावर काम ठेवा.

जुन्या मशीनबद्दल थोडक्यात. तालुक्याच्या ठिकाणी अजून कितीतरी दुकानांत चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचे कॉम्प्युटर चालू आहेत. त्यांच्यावर बहुधा एम-डॉट-टूची खाच नसते, आणि अडॅप्टर लावला तरी विंडोज एनव्हीएमईवरून सुरू होईलच असं नाही. तिथे अडीच इंची साटा एसएसडी टाका आणि निर्धास्त राहा. नव्या मदरबोर्डवर बहुधा दोन खाचा असतात, पण काहींत दुसरी वापरली की काही साटा पोर्ट बंद पडतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. जुनी हार्ड डिस्क अचानक गायब झाली, तर ती उडाली म्हणून घाबरण्याआधी वायर दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

बसवणं अवघड नाही. पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवायची, ती स्प्रिंगसारखी वर उचललेली राहते, मग बोटानं हलके खाली दाबून टोकाचा इवलासा स्क्रू पिळायचा. वर मदरबोर्डचं ॲल्युमिनियमचं झाकण असेल तर त्याच्या आतल्या बाजूला मऊ थर्मल पॅड असतो आणि पॅडवर पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म. ती फिल्म काढायची राहून जाते. मी उघडलेल्या कित्येक मशीनमध्ये ती तशीच चिकटलेली होती. नगरचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो, रस्त्याकडेच्या दुकानावर पत्रा असतो, शेजारी फ्लेक्सच्या मशीनचा हीटर चालू असतो. अशात एसएसडीचा कंट्रोलर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुपारी तीनला मशीन संथ आणि सकाळी नीट, अशी तक्रार असली की मी आधी ती फिल्म बघतो आणि मग कॅबिनेटच्या पंख्यातली धूळ.

आणि वीज. चालू लिहिताना वीज गेली तर घरगुती एसएसडी हातातलं काम टाकून देते, क्वचित तिची ती वहीच बिघडते आणि सगळी डिस्क दिसेनाशी होते. एसएसडी घ्यायची आणि यूपीएस नको म्हणायचं, हे मला पटत नाही. पाच मिनिटांचा यूपीएसही फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पुरतो.

एवढा वेळ वेगाबद्दल बोललो. जपणुकीचं काम मात्र एसएसडीचं नाही, आणि मला सगळ्यात तळमळ याच गोष्टीची आहे. आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय, "सी उडाली तरी डी वाचते." विंडोज नव्यानं टाकताना हे खरं असतं. पण सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतील, तर डिस्क गेल्यावर दोन्ही जातात. हार्ड डिस्क जाण्याआधी निदान कटकट आवाज करते, रेंगाळते, सूचना देते. एसएसडी संध्याकाळी चालू असते आणि सकाळी नसते. चुकून डिलीट केलेली फाईल हार्ड डिस्कवरून बऱ्याचदा परत मिळायची. एसएसडीत ट्रिम नावाची व्यवस्था रिकामे झालेले कप्पे लगेच पुसून ठेवते, त्यामुळे रिकव्हरीवाल्याकडे धावूनही बहुधा हात हलवत परत यावं लागतं. शिवाय कप्प्यांतला भार हळूहळू गळतो. पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीनं वीज न देता ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच या उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी पुष्कळ जास्त टिकवते, पण कपाटात ठेवून दहा वर्षांनी उघडायची ही वस्तू नव्हे.

नगरच्या मातीत चित्रकला नवी नाही. 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं सचित्र हस्तलिखित सोळाव्या शतकात इथेच घडलं. दख्खनी शैलीच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते, आणि आज ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात राजाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून बहुतेक चित्रांत नंतर कुणीतरी पुसून टाकली. साडेचारशे वर्षं कागद टिकला, रंग टिकले, पण दुसरी प्रत नव्हती, म्हणून पुसलेला चेहरा परत आणता येत नाही. अलीकडची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. २०१८ मध्ये नगरचे शिल्पकार-चित्रकार प्रमोद कांबळे यांच्या स्टुडिओला आग लागली आणि त्यांच्या हातच्या कितीतरी कलाकृती जळाल्या. मातीच्या शिल्पाची दुसरी प्रत कपाटात ठेवता येत नाही. आपल्या डिजिटल चित्राची येते, आणि तीही जशीच्या तशी, एका पिक्सेलचाही फरक न पडता. ही सोय याआधी कुठल्याही काळातल्या चित्रकाराला नव्हती.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी एक साधा नियम प्रचलित केला: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्या दुकानात तो असा उतरतो. चालू काम एसएसडीवर. रोज रात्री शटर ओढण्याआधी त्या दिवशीचं सगळं दोन-चार टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर. इथे वेग लागत नाही, म्हणून माळाच बरा, स्वस्त आणि मोठा. आणि तिसरी प्रत पोर्टेबल डिस्कवर, दर रविवारी घरी न्यायची. ही तिसरी डिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवायची, मशीनला लावून ठेवायची नाही, कारण व्हायरस आला तर लावलेलं सगळं एकदम बंद करतो. तिची वायर निळ्या पोर्टातच लावा. काळ्या, जुन्या यूएसबी पोर्टात तीच डिस्क सेकंदाला चाळीस एमबीवर येते, मग माणूस कंटाळतो, आणि कंटाळा आला की बॅकअप बंद पडतो.

नवी एसएसडी बसवून सगळं तिच्यावर घेतल्यावर जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका, विकू तर मुळीच नका. तिच्यावर चिकटपट्टी लावून मार्करनं आजची तारीख लिहा आणि ती घरी नेऊन कोरड्या जागी ठेवा. एसएसडीची पावती तिच्याच पिशवीत टाका. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी पाच वर्षं किंवा टीबीडब्ल्यू संपेपर्यंत असते, यातलं जे आधी येईल ते. त्यात एसएसडी बदलून मिळते, आतली चित्रं मिळत नाहीत.